कारखान्यातला सासरा

शेवंतीचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. तिचे केस तिची जाऊ विंचरून देते. याला भट्टी कारण नाही, नशीब कारण नाही, तिचा निष्काळजीपणा तर मुळीच नाही. कारण मी आहे. आणि त्या अपघाताचा दोष ज्या बाईच्या माथी मारून मी माझी खुर्ची वाचवली, त्या भामाबाई. त्यांच्याविषयी लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. नाहीतर पुढचं सगळं कौतुक खोटं ठरेल.

गोवा सुटायच्या आधीच्या वर्षांतली ही गोष्ट. मालवणहून कट्टा गावाकडे निघालं की वस्ती संपता संपता आमचा काजूचा कारखाना लागायचा. मालक मुंबईला असायचे. मी मॅट्रिक झालेला आणि मालकांच्या ओळखीतला, म्हणून मॅनेजर. कारखाना म्हणजे दोन लांब कौलारू शेड. एकीत बायका ओळीनं बसून भाजलेले काजू फोडत, ती फोडणीची शेड, दुसरीत भट्टी. भट्टीवर एक लोखंडी ड्रम आडवा, जरासा कललेला. बाबलो नावाचा गडी तो दांड्यानं फिरवायचा. एका तोंडातून कच्ची बी आत जायची आणि दुसऱ्या तोंडातून पेटलेलीच बाहेर पडायची, कारण काजूच्या टरफलात तेल असतं आणि ते रॉकेलसारखं पेटतं. जमिनीवर पडलेल्या त्या जळत्या बिया लांब दांड्याच्या फावड्यानं पसरायच्या आणि वर राख टाकायची. हेच तेल अंगाला लागलं तर कातडी सोलून निघते. लहानपणी ज्यानं कच्चा काजू दातानं फोडला आहे, त्याला हे सांगायला नको.

या सगळ्या बायकांच्या मुकादमीण भामाबाई. उंच, हाडापेराच्या, नाकात सदा तपकीर. आवाज असा की रापणीचं जाळं ओढणाऱ्यांनी त्यांना किनाऱ्यावर उभं करून हाका घालायला न्यावं. नवरा मुंबईत गिरणीत होता. तो चतुर्थीला यायचा आणि घरात पाहुण्यासारखा दबून बसायचा. नम्रपणा हा गुण भामाबाईंकडे औषधालाही नव्हता. "ह्या कारखान्याचे मालक दोन," त्या सांगत. "एक मुंबैक ऱ्हवता."

भट्टीच्या शेडच्या दाराबाहेर त्यांनी भिंतीत खिळ्यांची एक ओळ ठोकून घेतली होती. सकाळी आलेल्या प्रत्येक बाईनं डोक्यातला अबोलीचा गजरा, आमच्याकडे त्याला वळेसार म्हणतात, काढून तिथं टांगायचा, केस फडक्यात बांधायचे, बांगड्यांवर चिंधी गुंडाळायची, म्हणजे तेल बांगडीखाली शिरून राहत नाही. हाताला खोबरेल आणि राख चोळायची. पदर खांद्यावरून घट्ट ओढून कमरेला खोचायचा. दाराशी पाण्याचं एक पिंप असायचं आणि त्यात गोणपाटं भिजत पडलेली. कुणाच्या लुगड्याला ठिणगी लागली तर ओलं गोणपाट टाकायचं, पाणी ओतत बसायचं नाही. संध्याकाळी बायका आपापला वळेसार पुन्हा माळून घरी जात. दिवसभर त्या खिळ्यांवर अबोलीची ती ओळ दिसायची. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, आत देऊळ आहे.

त्यांचे सगळेच नियम शहाणपणाचे होते असं मी म्हणणार नाही. उंबऱ्यावर शिंकलेल्या बाईला त्या परत पाठवून पाणी प्यायला लावत आणि स्वतः मात्र दिवसभर शिंकत. सुमती नावाची एक तोंडाळ पोरगी होती, ती एकदा म्हणाली, "भामाबाय, तुमच्या शिंकेक पाणी नको?"

"माझी शिंक तपकिरीची," भामाबाई म्हणाल्या. "तुझी शिंक आळसाची."

याच सुमतीला त्यांनी एकदा केस मोकळे ठेवून आत आली म्हणून सगळ्यांसमोर थोबाडीत मारली होती. पोरीनं आदल्या दिवशी न्हाऊन केस वाळवायचे राहिले म्हणून सोडले होते, एवढंच. मी मध्ये पडलो तेव्हा मलाच ऐकावं लागलं, "थोबाड दुखता ता उद्याक बरा जाता, मेनेजरानु. टाळको जळलो तर काय करतलास?" त्यांनी सुमतीची माफी मागितली नाही. पण दुसऱ्या दिवशी सुमतीच्या खिळ्यावर दोन वळेसार होते.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना गावचे मानकरी देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एकजण मागणं म्हणतो आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणून होकार देतात. भामाबाईंनी हे गाऱ्हाणं उचललं आणि भट्टीच्या उंबऱ्यावर आणून ठेवलं. रोज सकाळी त्या दारात भट्टीकडे पाठ करून उभ्या राहत, समोर बायका आणि बाबलो.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज भट्टीर जातत."

"व्हय म्हाराजा."

"जिचो पदर सुटलो आसात, तिका तो कमरेक खोचूची बुद्धी दी."

"व्हय म्हाराजा."

"गोणपाट ओला आसा काय सुका, ता बघूक कोणाक तरी डोळे दी."

"व्हय म्हाराजा." आणि कुणीतरी पिंपात हात घालून बघायचं.

"बाबल्यान काल रात्री घेतली आसात तर तेचो दांडो दुसऱ्याच्या हातात दी."

"व्हय म्हाराजा," असं सगळ्यात मोठ्यानं बाबलोच म्हणायचा, आणि वास येत असला तर मुकाट्यानं बाजूला व्हायचा.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू दाबलं. पण मॅनेजर म्हणून मी मराठीत नियमांची एक पाटी रंगवून घेतली होती, ती कुणी वाचत नव्हतं. बहुतेकींना वाचताच येत नव्हतं, आणि ज्याला येत होतं तो मी रोज तिच्याखालून जाऊनही वाचत नव्हतो. स्वतःच्या तोंडानं दहा जणींसमोर "व्हय" म्हटल्यावर मात्र पदर सुटा ठेवणं अवघड जायचं.

गावात कुजबुज झाली. बाईमाणसानं गाऱ्हाणं घालायचं म्हणजे काय? एक दिवस दाजी गावकर स्वतः आले. दाजी म्हणजे गावातले वजनदार मानकरी. देवळातलं गाऱ्हाणं तेच घालत. शिवाय आमच्या भट्टीवरची शेवंती त्यांची धाकटी सून होती. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं. त्यांना दारात बघताच शेवंतीनं कमरेचा पदर सोडला आणि डोक्यावरून पुढे ओढला. सासरे समोर आले की आमच्याकडची कुठलीही सून हेच करील. हात आपोआप वर जातो.

भामाबाईंनी ते पाहिलं. दाजींकडे बघितलंही नाही, आधी शेवंतीला म्हणाल्या, "खोच तो."

"सासरे आसत," शेवंती पुटपुटली.

"खंय आसत? हयसर आत सासरो नाय, दीर नाय, भावोजी नाय. हयसर सासरो एकच." आणि त्यांनी फिरत्या ड्रमकडे बोट केलं. "ह्यो. ह्येच्यासमोर पदर खोचूचो. ह्येचो मान ठेव, मगे घराकडे जावन दाजींचो ठेव."

शेवंतीनं पदर खोचला. दाजींचा चेहरा लाल झाला.

"भामा, देवाचा गाऱ्हाणा बायलमाणसान घालूचा नसता," ते म्हणाले.

"ह्या देवाचा नाय, दाजीनु. हातापायांचा. तुमी येवन घालतास? रोज सकाळी, पावसात, चिखलात? मी उद्यापासून गप ऱ्हवतंय."

दाजींनी उपरणं सावरलं आणि पाठ फिरवली. रोज पहाटे काजूच्या भट्टीवर येणं त्यांना परवडणारं नव्हतं. जाता जाता मात्र मला म्हणाले, "मेनेजर, तुमच्या कारखान्यात सुनांका वळण ऱ्हवला नाय." ते वाक्य माझ्या मनात बसलं. मोठ्या माणसाचं मन राखावं, असं मला तेव्हा फार वाटायचं.

मालकांनासुद्धा भामाबाईंनी सोडलं नव्हतं. एकदा मालक मुंबईहून आले, बोटभर रुंद काठाचं धोतर, पुढे सोगा लोंबतोय. भट्टीच्या दारात भामाबाई आडव्या. "शेटानु, सोगो." मालक हसले, मग लक्षात आलं की ही बाई हसत नाहीये. त्यांनी सोगा उचलून कमरेला खोचला. आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो. त्या दिवशी मालक मला म्हणाले, "बाई खमकी आहे. सांभाळा तिला." मी सांभाळली नाही.

मुंबईहून दोन मोठे खरीददार कारखाना बघायला यायचे ठरले. मालक त्यांना घेऊन येणार होते, आणि गावातर्फे स्वागताला दाजी. मी हरखून गेलो. शेड साफ करून घेतली. दाराशी ते पिंप होतं, पाणी हिरवं झालेलं, गोणपाटांचा कुजका वास. पाहुण्यांच्या पहिल्या नजरेला हेच पडायचं. ते पाहुणे यायच्या आधी मागच्या अंगणात हलवायचं मी ठरवलं. भामाबाई जवळ नाहीत असं बघून बायकांना सांगितलं, "उद्या जरा घरच्यासारख्या नीटनेटक्या या. दाजी येणार आहेत. पदर दोन्ही खांद्यांवरून असू दे, फुलं माळलीत तरी चालेल." सुमती तेवढ्यात म्हणाली, "आणि भामाबाय?" मी म्हटलं, ते मी बघतो.

मी असं बघितलं की दुसऱ्या दिवशी सकाळीच भामाबाईंना गाठून सांगितलं, कट्ट्याच्या घाण्यावरचं खोबरेल संपत आलंय. त्यांनी मला नीट निरखलं.

"आजच?"

"तुमच्याशिवाय तेल कुणाला कळतं?" मी म्हटलं.

त्यांच्या गर्वाची जागा मला ठाऊक होती, मी तिथेच बोट ठेवलं. त्या पहिल्या एसटीनं कट्ट्याला गेल्या. त्यांची पाठ वळताच मी पिंप हलवायला लावलं. त्या सकाळी उंबऱ्यावर गाऱ्हाणं झालं नाही. पाहुण्यांसमोर ते कसं दिसलं असतं, याचीच मला लाज वाटत होती.

पाहुणे आले, फोडणीच्या शेडमध्ये काजू चाखून खूश झाले, मग भट्टीकडे वळले. शेवंती फावडं घेऊन ड्रमच्या तोंडाशी जळत्या बिया पसरत होती. पदर मी सांगितल्याप्रमाणे दोन्ही खांद्यांवरून सुटा. वाकल्यामुळे तो घसरला होता. दारात दाजी दिसले. तिचा एक हात फावड्यावर, दुसऱ्यानं तिनं पदर डोक्यावर ओढला. त्याचं टोक पुढे आलं आणि समोरच्या ढिगावर पडलं.

लुगडं धुतलेलं असलं तरी वर्षभराचं तेल त्यात मुरलेलं होतं. ज्वाळा पदरावरून खांद्याकडे चढली.

"गोणपाट," सुमती ओरडत दाराकडे धावली. "गोणपाट खंय?" पिंपाच्या जागी जमिनीवर नुसतं ओलं वर्तुळ होतं. ती त्या वर्तुळापाशी क्षणभर उभी राहिली, आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं.

दाजी शेवंतीच्या सगळ्यात जवळ होते. त्यांचे हात पुढे आले आणि थांबले. सासऱ्यानं सुनेच्या अंगाला हात लावायचा नसतो, हे जन्मभराचं वळण. एका श्वासापुरतं ते आड आलं. मग त्यांनी उपरणं ओढलं, तिला त्यात गुंडाळलं आणि तिच्यासकट जमिनीवर पडले. बाबलोनं आणि बायकांनी राखेचा ढीगच त्यांच्यावर लोटला. आग विझली. दाजींचे दोन्ही तळवे भाजले. शेवंतीचा खांदा, दंड आणि मान. तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. खरीददार कधी निघून गेले ते मला आठवत नाही.

दुपारी भामाबाई डोक्यावर तेलाचा डबा घेऊन परतल्या. सवयीनं त्यांनी केसांतला वळेसार काढून खिळ्यावर टांगला. मग त्यांची नजर जमिनीवरच्या त्या वर्तुळाकडे गेली. ते आता अर्धवट सुकलं होतं. "गोणपाट कोणी हलवल्यान?" त्यांनी विचारलं. सुमती रडायला लागली.

ऑफिसात मालक होते, मी होतो. मालकांनी विचारलं, "मुकादमीण त्या वेळी कुठे होती?"

मी म्हटलं, "जागेवर नव्हत्या. कट्ट्याला गेल्या होत्या."

"ह्येंनीच माका धाडल्यानी," भामाबाई दारातून म्हणाल्या.

मालकांनी माझ्याकडे बघितलं. तेवढ्या अवधीत माणूस खरं बोलू शकतो. मी बोललो ते असं: "तेल आणायला मी सांगितलं खरं. पण कुणालाही पाठवता आलं असतं. पाहुणे येणार हे माहीत असून त्या स्वतः गेल्या."

पिंपाबद्दल मालकांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पदराबद्दल बायकांना विचारण्याची कुणाला गरज वाटली नाही. मुकादमीण नसली की बायका सैल वागतात, असा सगळ्यांचा सोयीस्कर समज झाला. भामाबाईंना त्याच दिवशी काढलं.

त्या भांडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नुसता तेलाचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. "तेल चांगला आसा," त्या म्हणाल्या. "हाताक लावन बघ, रघुनाथा." त्या मला एकेरीत बोलण्याची ती पहिलीच वेळ. त्या गेल्या. खिळ्यावरचा वळेसार तिथेच राहिला आणि सुकून गेला. कुणी तो काढला नाही, मीही नाही.

पुढची दोन-अडीच वर्षं मी तोच मॅनेजर, त्याच खुर्चीत. पिंप परत दाराशी आलं होतं, पाटी नव्यानं रंगवली होती, मी स्वतः रोज फेरी मारून "पदर खोचा, केस बांधा" सांगत होतो. सांगितलं की बायका खोचत, मी वळलो की सोडत. कधी कुणाची बोटं भाजत, कधी कुणाचा पाय. मी त्यांना दोष देऊ शकत नव्हतो. नियम पहिल्यांदा मोडतो तो कामचुकार माणसासाठी नव्हे, मोठ्या माणसासाठी. आणि एकदा मोठ्यासाठी मोडलेला नियम लहानांनी पाळावा, असं सांगायला तोंड राहत नाही, हे मी तिथं शिकलो. शेवंती बरी होऊन फोडणीच्या शेडमध्ये परत आली होती. डाव्या हातानं काम करायची. माझ्याशी एक शब्द वावगा बोलली नाही.

एके दिवशी भट्टीवरच्या एका नव्या पोरीला मी म्हटलं, "पदर खोच." ती खोचता खोचता सहज म्हणाली, "खोचतंय. आज तुमचे पावणे येवचे नायत मा?"

तिला कुणीतरी ती गोष्ट सांगितली होती. म्हणजे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. मीच एकटा ते लपवून बसलो होतो.

मालक पुढच्या खेपेला आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. पिंप, पदर, तेल, खोटं. ते म्हणाले, "तुम्हाला काढायला हवं. पण आधी तिला आणा. तुम्हाला ठेवायचं की नाही ते ती ठरवील."

भामाबाई धामापूरला भावाकडे राहत होत्या. मी गेलो तेव्हा त्या तळ्याच्या पायऱ्यांवर कपडे धूत होत्या. पदर कमरेला खोचलेला. मी वरच्या पायरीवर उभा राहून जे पाठ करून गेलो होतो ते म्हणालो. माझं चुकलं, मी खोटं बोललो, मला क्षमा करा.

त्यांनी हातातलं लुगडं पिळलं, झटकलं, पायरीवर पसरलं. मग म्हणाल्या, "खोटा बोललंस खंय?"

"कारखान्यात."

"आणि माफी मागतंस हयसर? हयसर आयकतले कोण, तळ्यातले मासे?"

मी एक पायरी खाली उतरलो. त्यांनी पुढचं लुगडं उचललं.

"शेवंतीकडे गेल्लंस?"

"नाही."

"मगे माझ्याकडे कित्याक इलंस? माझो काय हात जळलो?" त्यांनी चिमूटभर तपकीर ओढली, शिंकल्या. "सोमवारी सकाळी येतंय. दारात उभी ऱ्हवतंय. आत येवचा काय नाय, ता तुझा आयकान ठरवतंय."

सोमवारी त्या पहिल्या एसटीनं आल्या. केसांत ताजा अबोलीचा वळेसार. तो त्यांनी काढला नाही. खिळ्यांच्या ओळीपाशी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. त्यांच्या खिळ्यावरचा जुना, काळा पडलेला दोरा अजून तिथेच होता. फोडणीच्या शेडमधून सगळ्या बायका आल्या, शेवंतीही. मी दाजींना निरोप पाठवला होता, ते येतील असं वाटलं नव्हतं. ते आले आणि बायकांच्या मागे उभे राहिले. तळव्यांवर पांढरे वण.

मी आयुष्यभर ऑफिसात धोतर-कोटात शुद्ध बोललो आहे. त्या उंबऱ्यावर ते शब्द चालले नसते. मी भट्टीकडे पाठ केली आणि म्हणालो,

"बा देवा म्हाराजा. गोणपाटाचा पिंप हयसरना मी हलवलंय."

सगळ्यांची नजर पिंपाकडे गेली.

"पदर सोडूक मी सांगलंय. भामाबायक कट्ट्याक मी धाडलंय, त्येंनी हयसर ऱ्हवा नये म्हणान. आणि मालकांसमोर मी खोटा बोललंय. शेवंतीचो हात माझ्यामुळे गेलो, भामाबायची जागा माझ्यामुळे गेली. त्येचो दोष दुसऱ्या कोणाचो नाय. शेवंती, भामाबाय, माझा चुकला. माका माफ करा."

गाऱ्हाण्याला उत्तर लागतं. उत्तर आलं नाही तर ते हवेत लोंबकळत राहतं. मी मान खाली घालून उभा होतो. ड्रम थंड होता, बाबलोनं दांड्याला हात लावला नव्हता.

मग शेवंती म्हणाली, "व्हय म्हाराजा."

तिच्यामागून सुमती, मग बायका, आणि सगळ्यात मागून दाजींचा तो देवळातला खर्जातला आवाज.

भामाबाईंनी खिळ्यावरचा जुना दोरा काढून टाकला, केसांतला वळेसार काढून तिथं टांगला आणि पदर चाचपून उंबरा ओलांडला. मी मागून आत जायला निघालो, तेव्हा त्या दारात आडव्या उभ्या होत्या.

"मेनेजरानु," त्या म्हणाल्या. "सोगो."

मी खोचला.